खिडक्या बसवणाऱ्यांची गाडी: आधी काचेची घोडी, मग बाकीचं सामान

खेड्यातल्या कामावर काच फुटते ती बहुधा डांबरी रस्ता संपल्यावर. नागपूर-अमरावतीहून तालुक्यापर्यंत माल सुखरूप येतो. पुढे पांदण (शेतातला कच्चा रस्ता) लागते, त्यात गिट्टी, बैलगाडीच्या चाकोऱ्या, एखादा फुटका रपटा (ओढ्यावरचा बुटका पूल), आणि एका अंगावर कललेली गाडी. तेवढ्यात ५ मिली (मिलीमीटर) जाडीच्या काचेचा कोपरा जातो आणि पुढची खेप फुकट घालावी लागते. म्हणून स्लायडिंग किंवा यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) खिडक्यांच्या कामासाठी गाडी तयार करताना औजारांच्या पेटीपासून सुरुवात करू नका. काच हौद्यात कुठे आणि कशी उभी राहणार ते, म्हणजे काच टेकवून उभी करायची लोखंडी घोडी, आधी ठरवा. सेक्शन (चौकटीच्या लांब पट्ट्या), ड्रिल, सिलिकॉन, जनरेटर यांना उरलेल्या जागेत बसवता येतं.

गाडी कोणती

दोनच पर्याय व्यवहारात टिकतात: छोटा हत्ती (टाटा एस) आणि बोलेरो पिकअपच्या वर्गातली गाडी. छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि ४ फूट १० इंच रुंद असतो, बोलेरोचा साधारण ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून घोडी बनवायच्या आधी फीत लावून स्वतः मोजा, आणि चाकावरचा फुगवटा हौद्यात येतो का तेही पाहा.

किती वजन घालता येईल हे आरसीवरच्या दोन आकड्यांतून निघतं: भरलेलं वजन वजा रिकामं वजन. या उरलेल्या वजनात माणसंही धरायची, घोडीही धरायची. हे बहुतेक जण विसरतात.

काचेच्या वजनाचा हिशोब सोपा आहे. जाडीच्या दर मिलीमीटरमागे चौरस मीटरला अडीच किलो. ५ मिली काच म्हणजे चौरस मीटरला साडेबारा किलो, चौरस फुटाला सुमारे १.१६ किलो. ४ बाय ४ च्या स्लायडिंगमध्ये १५ चौरस फुटांच्या आसपास काच लागते, म्हणजे १८ किलो धरा. जाळीसह थ्री ट्रॅकचं अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या गेजप्रमाणे १० ते १४ किलो. अशा १० खिडक्या ३०० किलो झाल्या. घोडी ८५, औजारं-जनरेटर-सिलिकॉन १२०, पाणी ३०, दोन माणसं १३०. छोटा हत्ती साडेसहाशेच्या वर गेला, आणि त्याची क्षमता साडेसातशेच्या आसपासच असते. घरकुलाच्या तीन-चार खिडक्यांची कामं असतील तर तो पुरेसा आहे. तालुक्याच्या गावात दुकानांचे दर्शनी भाग करायचे असतील तर नाही. १२ मिली टफनची (तापवून कडक केलेली) ४ बाय ८ फुटांची एकच काच ८९ किलो भरते.

बोलेरो घेणार असाल तर तिन्ही बाजूंचे फाळके पडणारा सपाट हौदा घ्या. काच मागून ओढत काढणं आणि बाजूने उचलणं यात फरक आहे. ओढताना खालची धार घासते आणि टवका तिथेच उडतो.

परदेशी व्हिडिओंत पिकअपच्या मागे ट्रेलर जोडलेला दिसतो आणि हौद्याच्या बाहेरच्या अंगाला काचेचा रॅक लटकलेला दिसतो. दोन्हींच्या नादी लागू नका. ट्रेलर ही कायद्याने वेगळी नोंदणी लागणारी गाडी आहे. गावाच्या गल्लीत ती मागे घेता येत नाही, आणि रिकामी असताना इतकी उडते की परतीला औजारांचे डबेही उघडे पडतात. बाहेरचा रॅक गाडीची रुंदी वाढवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली माल हौद्याच्या बाजूने, पुढून किंवा मागून बाहेर आला तर २० हजार रुपये दंड आहे. जादा वजनालाही २० हजार, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. दंड बाजूला ठेवला तरी कापसाने भरलेली बैलगाडी समोरून आली, किंवा पांदणीवर बाभळीच्या फांद्या दोन्हीकडून आत आल्या, तर बाहेरच्या काचेचं काय होणार ते सांगायला नको.

घोडीचं माप

इंग्रजी 'ए' अक्षरासारखी, हौद्याच्या मधोमध, लांबी गाडीच्या दिशेने. गाडीच्या रुंदीत आडवी उभी केलेली काच ब्रेक दाबला की पुढे झोपते. लांबीच्या दिशेने उभी असलेली काच धारेवर सरकू पाहते, आणि तिला पुढे एक आडोसा दिला की काम भागतं.

९ फुटी हौद्यासाठी घोडी ८ फूट लांब, ५ फूट उंच. छोट्या हत्तीसाठी साडेसहा फूट लांब, साडेचार फूट उंच. पाठीचा कल दहास एक, म्हणजे ५ फूट उंचीला ६ इंच आत. यापेक्षा उभी केली तर खड्ड्यात काच बाहेर झुकते. जास्त तिरपी केली तर मागच्या काचांवर पुढच्यांचा भार येतो आणि जागाही खाते. वरची रुंदी ४ इंच ठेवली तर खाली दोन्ही पाठींमध्ये १६ इंच होतात. दोन्हीकडे ८-८ इंचांची बैठक जोडली की एकूण रुंदी २ फूट ८ इंच.

खरी गोम या बैठकीत आहे. वेल्डिंगवाला ती जमिनीला समांतर करून देतो, कारण डोळ्याला तेच बरोबर दिसतं. पण पाठ तिरपी आणि बैठक सपाट असली की काच जाडीच्या एका कडेवर उभी राहते. सगळं वजन त्या रेघेवर येतं आणि पहिल्याच गचक्यात शिंपल्यासारखा टवका निघतो. बैठक पाठीशी काटकोनात हवी, म्हणजे ८ इंचांच्या बैठकीची बाहेरची कड आतल्यापेक्षा २० मिलीमीटर उंच. गुण्या पाठीला लावूनच टाका मारायला सांगा.

सामान: ४० बाय ४० मिलीचा, २ मिली जाडीचा चौकोनी पाईप, २० फुटांचे ७ नग. पाठीच्या आडव्या पट्ट्यांसाठी २५ बाय २५ चे २ नग. उभे खांब दर २ फुटांवर, म्हणजे एका पाठीला ५. दोन खांबांच्या मध्ये वरून, मधून आणि खालून आडव्या दांड्या. एवढ्यात घोडीचं वजन शंभर किलोच्या आसपास येतं. कोणी ५० बाय ५० चा ३ मिली पाईप सुचवेल. मजबूत होईल, पण वजन दुपटीकडे जाईल आणि पावसाळ्यात ती घोडी उतरवायला चार जण लागतील.

पुढच्या टोकाला, केबिनच्या बाजूने, निदान २ फूट उंचीचा आडोसा वेल्ड करा. काच त्याला टेकूनच भरायची. मध्ये बोटभर फट राहिली तर ब्रेकच्या वेळी तीच फट हातोडा होते.

रबर आणि गादी

बैठकीवर १० ते १२ मिली जाडीचं कडक रबर लावा. चंद्रपूर-वणीच्या कोळसा आणि सिमेंटच्या पट्ट्यात जुना कन्व्हेयर बेल्ट भंगारात मिळतो. त्याच्या ८ इंची पट्ट्या कापून, काउंटरसंक स्क्रूने, डोकं ५ मिली तरी आत जाईल असं बसवा. डोकं वर राहिलं तर रबराचा काही उपयोग नाही.

फोम लावू नका. हौशी लोक गादीचा फोम किंवा जुनं कार्पेट लावतात आणि दोन्ही महिनाभर छान दिसतात. पुढे मुरमाची धूळ आणि बारीक गिट्टी त्यात रुतून बसते आणि दर खेपेला काचेवर ओरखडे पडतात. शिवाय फोम दबतो, काच त्यावर नाचते. पाठीच्या दांड्यांवर २ इंच रुंदीच्या रबरी पट्ट्या पुरेत, आणि दर भरणीच्या आधी त्या ओल्या फडक्याने पुसायच्या.

हौद्यात बसवणं

घोडी वर्कशॉपमध्ये पूर्ण वेल्ड करून, रेड ऑक्साइड आणि रंग देऊन मगच गाडीवर चढवा. गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीच्या दोन्ही तारा आधी काढा. बीएस-६ गाडीतला ईसीयू (इंजिनचा संगणक) वेल्डिंगच्या करंटने जाऊ शकतो.

सहा बोल्ट, १२ मिलीचे, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसह. हौद्याच्या पत्र्याखाली ७५ बाय ७५ मिलीची, ६ मिली जाड प्लेट प्रत्येक बोल्टला द्या, नाहीतर पत्रा फाटतो. शक्य तिथे बोल्ट हौद्याखालच्या आडव्या चॅनेलमधून न्या. चॅनेलमध्ये भोक पाडायचं नसेल तर यू-बोल्ट वापरा. चॅसीच्या लांब दांड्यांना मात्र कुठेही भोक पाडू नका.

घोडी कायमची वेल्ड न करता बोल्टने बसवण्याला दोन कारणं आहेत. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. काढता येणारी घोडी फिटनेसच्या वेळी उतरवून ठेवता येते, तरी आपल्या आरटीओत एकदा विचारून घेणं बरं. दुसरं कारण काळी माती, ते पुढे येतं.

नवीन बोल्ट पहिल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आवळा. रंगाचा थर दबून ते हमखास ढिले होतात.

कोणत्या बाजूला काय

आपण रस्त्याच्या डावीकडे गाडी उभी करतो, म्हणून सुटी काच डाव्या पाठीवर, म्हणजे उतरवणारा माणूस रहदारीत उभा राहत नाही. उजव्या पाठीवर जोडलेल्या चौकटी आणि शटर, ते मागून सरकवून काढता येतात. बोलेरोत घोडीच्या दोन्ही बाजूंना १७ इंचांची जागा उरते. डावीकडची रिकामी ठेवा, तिथे पाय ठेवून काच उचलायची असते. उजवीकडे १५ इंच खोल, ४ फूट लांब, दीड फूट उंच अशा दोन पेट्या, दारं बाहेर उघडणारी. उजवा फाळका पाडला की औजार हाताशी येतं. डावीकडे काचेचं वजन आणि उजवीकडे चौकटी अधिक पेट्या, असा तोलही राहतो. पांदणीवर एका अंगाला जड असलेली गाडी कललीच तर सावरणं कठीण जातं.

पेट्यांना धूळ लागते ती दाराच्या फटीतून. उरलेल्या ईपीडीएम गॅस्केटचे (रबरी पट्टीचे) आणि वूल पाईलचे (केसाळ पट्टीचे) तुकडे दाराच्या कडेने लावा, तो माल दुकानात पडूनच असतो. पेटीत धूळ गेली की पहिल्यांदा ड्रिलचा चक अडतो, मग सिलिकॉनच्या नोझलवर थर बसतो.

काच भरायची रीत

मोठी आणि जाड काच आत, लहान बाहेर. शेवटी लागणारी आधी चढवायची. प्रत्येक काचेवर ग्लास मार्करने गाव, घर आणि खिडकीचा नंबर लिहा. कागदाची चिठ्ठी पावसात निघते, उन्हात उडते. एका पाठीवर काचांची एकूण जाडी ४ इंचांपलीकडे नेऊ नका. तेवढ्यातही वजनाचा हिशोब आधीच संपलेला असेल.

दोन काचांमध्ये कॉर्कचे चिकट पॅड चारही कोपऱ्यांना आणि मध्ये एक. वर्तमानपत्र उन्हाळ्यात चालतं. पावसाळ्यात ते ओल धरतं, आणि दोन काचांमध्ये ओल आठवडाभर अडकली की काचेतला क्षार बाहेर येऊन पांढुरके डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. गिऱ्हाईक ती काच परत पाठवतं आणि त्याचं बरोबरही असतं. पावसात भिजलेल्या काचा दुकानात उतरवल्या की त्याच दिवशी सुट्या करून कोरड्या पुसा.

टफन काचेचं एक लक्षात ठेवा: तोंडावर ती बरंच सोसते, कोपऱ्यावर अजिबात नाही. कोपऱ्याला खडा लागला की संपूर्ण काचेचे दाणे होतात, आणि ती कापून लहान खिडकीला वापरायची सोयही नसते. चारही कोपऱ्यांना प्लॅस्टिकचे गार्ड लावल्याशिवाय ती गाडीवर चढवू नका.

बांधायला ५० मिली रुंदीचे रॅचेट पट्टे, प्रत्येक पाठीला निदान दोन. पट्टा काचेवर थेट नको, मध्ये रबर लावलेली उभी लाकडी पट्टी. ही पट्टी घोडीच्या उभ्या खांबाच्या बरोबर समोर आली पाहिजे, म्हणजे दाब खांबावर जातो. दोन खांबांच्या मधल्या पोकळीवर पट्टा आवळला की काच वाकते, आणि पुढच्या खड्ड्यात 'टक्' आवाज येतो. रॅचेटची मूठ दोन्ही हातांनी ओढायची गरज पडली म्हणजे जास्त आवळलं. सुतळी आणि नायलॉनची दोरी ताडपत्रीसाठी ठेवा. नायलॉन ताणतो, काचेला तो कामाचा नाही. १० किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे पाहायचे. पॅड आणि रबर दबून ते ढिले झालेले असतात.

एक-दोनच काचा न्यायच्या असतील तर जास्त जपा. रिकाम्या पिकअपचे पाटे कडक असतात आणि गाडी भरलेल्यापेक्षा जास्त उडते. दाराच्या आतल्या स्टिकरवर हलक्या भाराची टायरहवा दिलेली असते. पूर्ण भाराची हवा ठेवून दोन काचा नेल्या तर प्रत्येक गिट्टी काचेपर्यंत पोहोचते.

लांब सेक्शन

अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन १२, १५ किंवा १६ फुटांचे, यूपीव्हीसीचे जवळपास १९ फुटांचे. ते खेड्यावर नेऊच नका. कटिंग आणि जोडणी दुकानात पुरी करून चौकटी नेल्या तर निम्मी डोकेदुखी जाते. खेड्यावर मशीन लावून कापायचं तर वीज, सपाट जमीन आणि सावली, तिन्ही एकदम मिळत नाहीत.

तरी दुरुस्तीसाठी किंवा माप चुकलेल्या चौकटीसाठी १२ फुटांचे चार-दोन सेक्शन लागतात. छोट्या हत्तीची एकूण लांबीच साडेबारा फुटांच्या आसपास असते, म्हणून १२ फुटी नग केबिनवरून गेला तरच गाडीच्या आत राहतो. केबिनच्या मागे एक उभी चौकट, हौद्याच्या शेवटी दुसरी, आणि केबिनच्या टपावर कॅरिअर असे तीन आधार द्या. दोनच आधारांवर नग टोकाला झोके खातात आणि वाकतात. नग मोकळे न ठेवता १६० मिलीच्या पीव्हीसी पाईपमध्ये घालून दोन्ही टोकांना झाकण लावलं तर धूळ, ऊन आणि चोरी तिन्हींपासून बचाव. पाईपाच्या खालच्या बाजूला ६ मिलीची तीन-चार भोकं पाडा, नाहीतर आत पाणी साचतं.

यूपीव्हीसीवरची संरक्षक फिल्म उन्हात भाजली की निघत नाही. मे महिन्यात खिडकी बसली की लगेच काढा. छपाई बाकी असेल तर फिल्म ठेवून देण्याचा मोह होतो. त्यापेक्षा फिल्म काढून मास्किंग टेप लावलेली बरी.

ऊन

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. बंद केबिनमध्ये आणि पत्र्याच्या पेटीत यापेक्षा कितीतरी जास्त. सिलिकॉनच्या नळकांड्यावर ठेवण्याचं तापमान छापलेलं असतं, बहुधा ३० अंशांच्या आत. पेटीत चार दुपारी काढल्या की ते नोझलमधून गोळे-गोळे येतं किंवा लावल्यावर नीट धरत नाही. त्याला थर्माकोलची मासळीवाल्यांची पेटी घ्या, तळाशी ओलं गोणपाट, त्यावर प्लॅस्टिक, वर नळकांडी. हीच पेटी ड्रिलच्या बॅटऱ्यांनाही. तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही, आणि लोक चार्जर बिघडला समजून नवा आणतात.

रंगीत आणि रिफ्लेक्टिव्ह काचेचा थप्पा उन्हात उभा ठेवला की मधला भाग तापतो, कडा थंड राहतात, आणि साधी काच कुणी हात न लावता तडकते. ताडपत्री पांढरी किंवा फिक्या रंगाची घ्या, ती काचेला चिकटू देऊ नका, वर-खाली वारा खेळू द्या. तापलेल्या काचेवर धूळ धुवायला गार पाणी ओतणं म्हणजे ती फोडायचंच काम.

यूपीव्हीसी उन्हात फुगतं. दीड मीटरची चौकट ३० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलीपर्यंत वाढते. गाडीवरून काढलेली तापलेली चौकट घट्ट बसली म्हणून भिंत छिलायला घेऊ नका. तासभर सावलीत ठेवून पुन्हा लावून पाहा.

वीज

गावातली वीज दुपारी असेलच असं नाही, असली तरी १८०-१९० व्होल्टवर मशीन गुरगुरतं. मुख्य काम बॅटरीच्या ड्रिलवर आणि एसडीएस-प्लस हॅमरवर करा. एका दिवसाला ४ किंवा ५ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) चार बॅटऱ्या पुरतात. गाडीत चार्ज करायला लायटरच्या सॉकेटवर विसंबू नका. ३०० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर थेट बॅटरीवर, १० चौरस मिलीच्या तारेने, आणि बॅटरीपासून एका फुटाच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज. चार्जिंग चालू असेपर्यंत इंजिन चालू ठेवा, नाहीतर संध्याकाळी गावकऱ्यांना गाडी ढकलायला बोलवावं लागेल.

चॉप सॉ (सेक्शन कापायचं मशीन) न्यायचाच असेल तर ३ केव्हीएचा जनरेटर, तो चालवताना हौद्यातून खाली, ताडपत्रीच्या बाहेर. एक्स्टेंशन बोर्ड ३० मीटरचा, तांब्याची अडीच चौरस मिली तार, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). बारीक तारेने दीड हजार वॅटच्या मशीनला ७ व्होल्ट आणखी कमी मिळतात. आधीच १८५ असलेल्या गावात ते जाणवतं. तार रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तार आतल्या आत तापते.

पेटीत काय, किती

४ बाय ४ च्या १० खिडक्यांसाठी हिशोब असा. फास्टनर उभ्या बाजूंना तीन-तीन, वरही तीन, म्हणजे एका खिडकीला ९. शंभर ठेवा. कोपऱ्यापासून ६ इंचांवर पहिला, पुढे दीड फुटाच्या आत. खालच्या ट्रॅकमधून स्क्रू मारू नका, तिथून पावसाचं पाणी भिंतीत उतरतं. फ्लाय अ‍ॅशच्या विटा इकडे सगळीकडे आल्या आहेत. त्यांत हॅमर मोड बंद ठेवून साध्या फिरकीने भोक पाडा, हॅमरने भोक मोठं होतं आणि रावल प्लग फिरतो.

सिलिकॉन: २८० मिलीलिटरच्या नळकांड्यातून ६ बाय ६ मिलीची फट पावणेआठ मीटर भरते. आत आणि बाहेर मिळून एका खिडकीला पावणेदहा मीटर, म्हणजे सव्वा नळकांडं. १० खिडक्यांना १३, खडबडीत छपाईचं नुकसान धरून १५. ग्रॅनाईट किंवा कडप्प्याची चौकट आणि सिमेंटला न्यूट्रल सिलिकॉनच. व्हिनेगरसारखा वास येणारं आम्लाचं सिलिकॉन दगडावर डाग पाडतं आणि सिमेंटवरून सुटतं. फटीत धूळ असेल तर कुठलंच धरत नाही, म्हणून ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्यांचा गठ्ठा वरच ठेवा.

पॅकर (चौकट आणि भिंत यांच्या फटीत घालायच्या चकत्या) प्लॅस्टिकचे, १, २, ३ आणि ५ मिलीचे मिळून शंभर. लाकडाच्या चिपा मारून दिलेल्या खिडक्या वाळवीने दोन-तीन पावसाळ्यांत ढिल्या होतात. सक्शन कपचे दोन जोड, झाकणासह, सावलीत. उन्हात रबर कडक होतं आणि हवा धरत नाही. दर उचलीआधी कप आणि काच दोन्ही पुसा. खडबडीत किंवा नक्षीच्या काचेवर सक्शन वापरू नका, तिथे हातच.

कापणार नाहीत असे हातमोजे, मनगटाचे पट्टे आणि बंद बूट माणसागणिक. प्रथमोपचाराच्या डब्यात रुंद प्रेशर बँडेज चार तरी. काचेची जखम कापसाने भागत नाही. दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.

काळी माती आणि ट्रॉली

जुलै ते सप्टेंबर काळ्या मातीच्या पांदणीवर पिकअप फसते. भाग्य अजमावण्याआधी गाडीतून उतरून चालून पाहा. बुटाला चिकटून ढेकूळ वर येत असेल तर पुढे जाऊ नका. गाडीत कायम: ४ फुटांच्या दोन फळ्या, फावडं, ओढायची जाड दोरी, आणि १ बाय १ फुटाची १८ मिली प्लायवूड. ओल्या मातीत जॅक स्वतःच खाली जातो, त्याखाली ही प्लाय टाकायची.

इथे बोल्टची घोडी कामाला येते. सहा नट सोडून, काचा उतरवून, घोडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवा. शेतीच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्प्रिंग नसते, म्हणून खाली कुटाराने (भुशाने) भरलेली चुंगडी (पोती) दोन थरांत पसरा, भंडारा-गोंदियाकडे तणस (भाताचं वाळलेलं गवत). घोडीच्या चारही पायांना ट्रॉलीच्या कड्यांशी पट्टे. मग काच परत चढवून, माणूस चालतो त्या वेगाने. ट्रॉलीत काचेजवळ कुणीही बसायचं नाही, पिकअपच्या हौद्यातही नाही. ट्रॉली शेतीच्या नावावर नोंदलेली असते. भाड्याचा माल वाहताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हणून ती शेवटच्या टप्प्यापुरतीच, डांबरी रस्त्यावर नाही.

मेळघाटातल्या घाटवळणांवर उलटा प्रश्न असतो. रस्ता बरा, वळणं कडक. तिथे काच कमी भरा आणि दोन्ही पाठींवर वजन सारखं ठेवा. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. त्या भागातली कामं पावसाआधी उरका, किंवा माल तिकडे कोरड्या जागी उभा करून ठेवायची सोय आधी करा.

कागदपत्रं

७५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स पुरतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं. गाडीच्या विम्यात आतली काच येत नाही, मालाच्या वाहतुकीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. मदतनीसांची नावं नसली तरी संख्या पॉलिसीत बरोबर आहे का ते नूतनीकरणाच्या वेळी पाहा.

घोडीची तपासणी दर शनिवारी, पेमेंटच्या आधी: सहा बोल्ट, बैठकीचं रबर, पट्ट्यांच्या कडा, आणि पाठ व बैठक जिथे मिळतात तो वेल्डचा सांधा. तडा आधी तिथेच दिसतो, रंगावर केसासारखी तांबूस रेघ म्हणून.